पेशींची शेती करणाऱ्या बाई : डॉ. कमल रणदिवे

हॉस्टेलच्या मेसमध्ये एकदा एक प्रयोग करून बघा. समोर जेवायला बसलेल्याला भारतीय शास्त्रज्ञांची पाच नावं विचारा. रामन, भाभा, साराभाई, जगदीशचंद्र बोस, कलाम. झाली पाच. आता त्यात एका स्त्रीचं नाव घालायला सांगा. मराठी असेल तर उत्तमच, असंही म्हणा. बहुतेक वेळा पुढचा घास तोंडात जातो आणि विषय क्रिकेटवर येतो.

मला हे नाव भेटलं ते सेमिनारच्या निमित्ताने. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सेमिनारसाठी एखादं यंत्र निवडावं लागतं. मी निवडलं ते संशोधनाच्या प्रयोगशाळेतलं, रक्तातल्या हव्या त्या पेशी चुंबकाने आपोआप वेगळ्या करणारं यंत्र. सेल म्हटलं की आपल्याला टॉर्चमधला सेल आठवतो, पण हा सेल म्हणजे शरीरातली पेशी. पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर, कंट्रोलर असा आपल्या ओळखीचा सगळा कुटुंबकबिला त्या यंत्रात आहे. पण जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की या यंत्राचा जीव चुंबकात नाहीच. तो आहे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढवण्याच्या विद्येत. ही विद्या आपल्या देशात रुजवणाऱ्यांमध्ये अगदी सुरुवातीचं नाव आहे डॉ. कमल रणदिवे यांचं. सेमिनार झाला, मार्क मिळाले, पण बाई काही डोक्यातून जाईनात. म्हणून हा लेख.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलगा असो की मुलगी, शिक्षण सारखंच, असा त्या घरचा शिरस्ता होता. कमलचं शालेय शिक्षण हुजूरपागेत झालं. मुलीने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. मुलीने मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. डॉक्टरकीची वाट तिने सोडली खरी, पण आयुष्यभर काम केलं ते रोगांवरच. तेही पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून नाही, तर मायक्रोस्कोपपाशी बसून.

१९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्या काळी लग्न म्हणजे मुलीच्या शिक्षणाला पूर्णविराम, असंच बहुतेक घरांत चालायचं. इथे तसं झालं नाही. १९४३ मध्ये त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. पेशीच्या पोटातले ते बारीक दोरे मोजायचे, जुळवायचे, त्यांचे आकार टिपायचे. या कामात घरातल्या गणिताचाही त्यांना उपयोग झाला. सीताफळाच्या पेशीपासून कॅन्सरच्या पेशीपर्यंतचा प्रवास आपल्याला लांबचा वाटतो. पण पेशी बघायची नजर एकच असते, आणि ती नजर या कामात तयार झाली.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. तिथे त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा माणूस. रोग शोधण्यासाठी खानोलकर नुसते काचपट्टीवर बघत नसत. माणूस कुठला, खातो काय, चघळतो काय, हेही बघत. तोंडाच्या कॅन्सरच्या शेकडो रोग्यांचा त्यांनी अभ्यास केला होता.

हे वाचताना मला आमच्याकडच्या बायका आठवल्या. मी रोह्याचा, आजोळ पेणचं. आमच्या भागात सकाळी मिश्री लावणाऱ्या आज्या घरोघरी होत्या. रोह्याहून दिव्याला जाणाऱ्या गाडीत मी लहानपणापासून परळला निघालेली माणसं पाहिलीत. हातात फायलींची पिशवी, गळ्याभोवती उपरणं, बरोबर एक मुलगा नाहीतर भाचा. गाडी पेणला थांबली की तशीच आणखी दोन माणसं चढतात. टाटाला जातोय एवढंच सांगतात, पुढे कुणी विचारत नाही. ज्या इमारतींकडे ही माणसं जातात, त्याच परिसरात बाईंनी उमेदीची वर्षं घालवली.

१९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे परदेशी जाऊन नवीन तंत्र शिकून यायला खानोलकरांनीच सुचवलं. फेलोशिप मिळाली आणि बाई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी या गाय महाशयांकडे जरा नीट बघायला हवं. पेशींना काचेच्या नळीत वाढवायचं तर त्यांना पोषक द्रवही हवा आणि हवाही हवी. गाय यांनी त्यासाठी हळूहळू फिरणारा एक मोठा ड्रम स्वतः तयार केला. नळ्या त्यात बसवल्या की पेशी थोडा वेळ द्रवात, थोडा वेळ हवेत. म्हणजे जीवशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न सुटला तो मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये शोभेल अशा यंत्राने! याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णेच्या ट्यूमरमधल्या पेशी काचेत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. हेला नावाने त्या पेशी आजही जगभर वापरल्या जातात. त्या घेताना त्या बाईची परवानगी घेतली गेली नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. विज्ञानाच्या हिशेबात ती बाजू अजून मिटलेली नाही.

शिकून झाल्यावर बाई तिकडे राहिल्या नाहीत. मुंबईला परत आल्या. परळला १९५२ मध्ये भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं होतं, खानोलकर त्याचे प्रमुख. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे पेशीसंवर्धनाची, प्रयोगशाळा उभी केली.

उभी केली हे लिहायला सोपं आहे. पेशीसंवर्धन म्हणजे एक प्रकारची शेतीच. आपल्याकडे भाताचं रोप लावण्याआधी राब भाजतात, चिखलणी करतात, पाण्याची सोय बघतात. तसंच इथे. तापमान ३७ अंश सेल्सियस, ते रात्रीबेरात्रीही हलता कामा नये. पाणी अतिशुद्ध हवं. क्षार, साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं ठरलेल्या प्रमाणात हवीत. त्यात प्राण्यांच्या रक्तातला निवळ घालायचा. आणि एक जरी जंतू आत शिरला तर पेशींच्या आधी तोच सगळं शेत खाऊन टाकतो. हा पोषक द्रव बाहेरून मागवायचा तर त्या काळात परकीय चलनाची टंचाई. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाईंनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे तरुण साहाय्यक हाताशी घेऊन तो द्रव आणि त्याला लागणारी रसायनं इथेच तयार करायला घेतली. मला त्यांच्या सगळ्या कामात हे काम फार मोठं वाटतं. यावर बक्षीस मिळत नाही, पेपरात फोटो येत नाही. पण हे झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

त्यांचं स्वतःचं संशोधन मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरवर होतं. पिढ्यान् पिढ्या एकाच कुळात वाढवलेले उंदीर घेऊन त्यांनी हा रोग तपासला. रोगाचं कारण एकच असतं अशी आपली समजूत असते. बाईंच्या कामातून दिसलं की अनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि ट्यूमर निर्माण करणारा विषाणू यांचं एकमेकांशी नातं आहे. रक्ताचा कॅन्सर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर यांवरही त्यांच्या प्रयोगशाळेत काम झालं.

दुसरं काम कुष्ठरोगाचं. या रोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांना दिसला होता, पण तो प्रयोगशाळेत वाढवायचा कसा, हे कोडं जगभर सुटत नव्हतं. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू वाढवून दाखवला. त्यासाठी त्यांनी वापरली ती पेशीसंवर्धनाचीच विद्या. संस्थेच्या नावावरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाले. पण पुढे याच जंतूपासून संस्थेत कुष्ठरोगावरची लस तयार केली गेली आणि तिच्या चाचण्या महाराष्ट्रात झाल्या. ज्या रोगाचं नुसतं नाव काढलं तरी गावोगावी माणसाला घराबाहेर काढत, त्या रोगाचा जंतू या बाई रोज हाताळत होत्या. १९६४ मध्ये त्यांना वातुमल फाउंडेशनचं पारितोषिक आणि मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला.

आता माझ्या सेमिनारच्या यंत्राकडे येतो, कारण त्याशिवाय बाईंच्या कामाची किंमत आपल्या भाषेत कळायची नाही.

पेणच्या पोह्याच्या गिरणीत किंवा रोह्याच्या भातगिरणीत धान्य तीन तऱ्हांनी साफ होतं. चाळणीत आकारावरून वेगळं होतं. सुपात पाखडलं की वजनावरून वेगळं होतं. आणि दाण्यांत खिळा, तार असं काही असेल तर ते चुंबक ओढून घेतं. रक्ताचंही तसंच. एक मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या टोकावर राहील एवढ्या रक्तात साधारण पन्नास लाख तांबड्या पेशी असतात आणि चार ते अकरा हजार पांढऱ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की तांबड्या खाली बसतात. हे झालं सूप. पण पांढऱ्या पेशींमध्येही जाती आहेत. टी आणि बी जातीच्या पेशी मायक्रोस्कोपखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, वजनातही जवळपास सारख्या. तिथे चाळणी हरली, सूपही हरलं. राहिलं चुंबक. पण पेशी काही लोखंडाची नाही.

मग युक्ती अशी, की हव्या त्याच पेशीला लोखंडाचा कण चिकटवायचा. प्रत्येक जातीच्या पेशीच्या अंगावर तिची खास प्रथिनं असतात. त्या प्रथिनालाच धरणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आयर्न ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणावर बसवतात. कण सुमारे ५० नॅनोमीटरचा. आपला केस याच्या हजारपटीहून जाड असतो. हे मिश्रण रक्तात मिसळून थंड जागी काही मिनिटं ठेवलं की कण बरोबर आपल्या ओळखीच्या पेशीला जाऊन चिकटतात. मग ते सगळं चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवलेल्या, पोलादी गोळ्या भरलेल्या नळीतून सोडतात. नुसतं जोरदार चुंबक असून भागत नाही. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर कणाला ओढ बसत नाही. क्षेत्र जागोजागी झपाट्याने बदललं पाहिजे, तरच ओढ बसते, आणि तो बदल त्या पोलादी गोळ्या घडवतात. कण चिकटलेल्या पेशी नळीत अडकतात, बाकीच्या वाहून जातात. नंतर नळी चुंबकातून बाहेर काढून द्रवाने धुतली की हव्या त्या पेशी जिवंत हातात. जर्मनीत स्टेफान मिल्टेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर १९९० मध्ये शोधनिबंध लिहिला. पुढे धुणं, सोडणं, गोळा करणं हे सगळं पंप आणि व्हॉल्व्हवर टाकून पूर्ण स्वयंचलित यंत्रं निघाली. संशोधनाबरोबरच बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये मूळपेशी वेचून घ्यायलाही ही पद्धत वापरतात.

आता विचार करा. या यंत्रात पेशी ओळखतं कोण? चुंबक नाही, मायक्रोकंट्रोलर तर नाहीच. ओळखते ती अँटिबॉडी. आणि एकसारखी अँटिबॉडी हवी तेवढी मिळते कुठून? १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवलेल्या रीतीने, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून. म्हणजे पुन्हा पेशीसंवर्धन. वेगळ्या केलेल्या पेशी पुढे जगवायच्या त्याही त्याच पोषक द्रवात. ज्या देशाला पेशी वाढवता येत नाहीत, त्याने हे यंत्र कितीही महागाचं आणलं तरी ते खिळे वेचणाऱ्या गिरणीच्या चुंबकाएवढंच उपयोगी. रणदिवे बाईंनी परळला जे शेत तयार केलं ते या यंत्राच्या तीस-चाळीस वर्षं आधी. मला वाटतं, त्यांच्या आयुष्याचा आपल्यासाठी अर्थ इथे आहे.

१९६६ ते १९७० बाई संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. कॅन्सरची कारणं, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांनी सुरू केले. हे करताना त्यांना रोज दिसत होतं की हुशार मुली एम.एस्सी. करतात आणि नंतर दिसेनाशा होतात. कुणाला मूल सांभाळायला कुणी नाही, कुणाला शहरात राहायला जागा नाही. यावर नुसतं भाषण न करता त्यांनी १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला संघटनेचं केंद्र आहे. तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी हॉस्टेल आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालवलं गेलं. हॉस्टेल आणि पाळणाघर हे विज्ञानाचं साधन आहे, हे ओळखायलाही शास्त्रज्ञाचीच नजर लागते. आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मुलींना हे जास्त समजावून सांगायला नको.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. उतारवयात त्या मायक्रोस्कोप सोडून गावांत गेल्या. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला, गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. म्हटलं तर हा प्रश्न जुनाच होता. जगायला काय काय लागतं आणि किती लागतं, हे त्यांनी आधी पेशीच्या बाबतीत विचारलं, मग मुलांच्या बाबतीत. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं. २०२१ च्या ८ नोव्हेंबरला गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा कुठे अनेकांना ही बाई कोण असा प्रश्न पडला.

बाईंची संस्था आता परळला नाही. २००२ मध्ये ती खारघरला हलली आणि आज अ‍ॅक्ट्रेक या नावाने ओळखली जाते. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. रोह्याहून किंवा पेणहून सकाळची गाडी धरायची, पनवेलला उतरून हार्बर लाइनने तिसरं स्टेशन. आपण सुट्टीत घरी जाता-येता तिच्या जवळूनच जातो.

आमच्या गावाकडच्या मुलांपुढे शेवटच्या वर्षाला दोन वाटा दिसतात. एक धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कंपनी, दुसरी पुण्या-बंगळुरूचं सॉफ्टवेअर. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, घर चालतं. मला एवढंच वाटतं की तिसरीही वाट आहे. पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रातला पंप, तापमान राखणारं कपाट, निर्जंतुक हवेचं टेबल, आणि ती पोलादी गोळ्यांची नळी, जी वापरली की संपते आणि पुन्हा विकत घ्यावी लागते. यातलं काय आपल्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखं नाही? पोषक द्रव बाहेरून येत नव्हता तेव्हा बाईंनी तो इथे केला, फॉरेन ग्रँटची वाट बघत बसल्या नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर एकदा जीवशास्त्रवाल्या मित्राला गाठा, त्याच्या प्रयोगशाळेत काय अडतंय ते विचारा. मी या वर्षी तेच करणार आहे. कमी प्रवाहावर स्थिर चालणारा छोटा पंप हा विषय मी सरांकडे दिलाय. कुणाला बरोबर यायचं असेल तर सी विंगला या, सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन